औषधाच्या कपाटातल्या मुंग्या

१

अमृतरावाच्या हाताची पट्टी सोडायला घेतली आणि त्यानं अशी बोंब ठोकली की बाहेर बाभळीखाली डबे सोडून बसलेले नातेवाईक उठून उभे राहिले. बरं, गडी काही लेचापेचा नव्हता. तलमडुगूकडचा शेतकरी माणूस, हंगामात कापसाच्या जिनिंगवर कामाला येणारा. आठ दिवसांपूर्वी यंत्रात दोन बोटं गेली, तेव्हा उरलेला हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून तो पायी दवाखान्यात आला होता आणि दारातल्या आयाला त्यानं आधी रामराम घातला होता. आज त्याला अर्धा तास आधी पेथिडिन टोचलं होतं. पेथिडिन म्हणजे दुखणं मारणारं जालीम औषध, पोट फाडलेला माणूससुद्धा त्यावर गाढ झोपतो. आणि हा बाप्या तर खाटेची सळई उपटायला निघाला होता!

"अमृतराव, लाज वाटू द्या जराशी," मेट्रन रेणुकाबाई त्याच्यावर खेकसल्या. "बायको समोर बसून हाय. गडीमाणूस असून काऊन एवढा गोंधळ घालून राह्यले?"

त्याची बायको देवकाबाई पदरात तोंड घालून भिंतीकडं वळली. नवऱ्याची लाज वाटली बिचारीला.

डॉक्टर नरसिंगराव तेलुगू माणूस, पण रोग्यांकडून मराठी शिकलेले. त्यांनी हात धुता धुताच सांगितलं, "सिस्टर, अजून एक आणा." ड्यूटीवरची सिस्टर वनमाला कपाटाकडं धावली आणि बारीक काचेची ॲम्प्यूल घेऊन आली. डॉक्टरांनी ती ओल्या हातातच धरली. काचेवरची कागदी चिठ्ठी त्यांच्या अंगठ्याखाली सरकली आणि सालपटासारखी निघून आली. खाली काचेला दुसऱ्या चिठ्ठीचा फाटका तुकडा चिकटलेला होता.

डॉक्टरांनी तो उजेडात धरून वाचला. त्यांचा चेहरा उतरला.

"अम्मा," ते रेणुकाबाईंना म्हणाले, "हे पाणी आहे. इंजेक्शनात कालवायचं नुसतं पाणी. आठ दिवस आपण या माणसाला पाणी टोचतो आहोत."

२

जिनिंगवाल्यांच्या ट्रस्टचा तो तीस खाटांचा दवाखाना. साल एकोणनव्वद, दिवाळी नुकतीच सरलेली. इथली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पेथिडिनचं कपाट वॉर्डात. त्याची किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरच्या कमरेला, आणि जोडीची दुसरी रेणुकाबाईंच्या कमरेला. स्टोअर कंपाउंडर भगवंतरावांच्या ताब्यात. त्यांचा नियम असा, की मान मोडलेली रिकामी ॲम्प्यूल आणून द्या, तेव्हाच भरलेली मिळेल. दर शनिवारी ते स्वतः वॉर्डात येऊन भरलेल्या आणि रिकाम्या सगळ्या मोजत. वर्षानुवर्षं ही मोजदाद बिनचूक जुळत आली होती. आणि का नाही जुळणार? चोरणाऱ्यानं खरीवरची चिठ्ठी कोमट पाण्यात तासभर भिजवून काढायची, पाण्याच्या ॲम्प्यूलवर चिकटवायची आणि कपाटात ठेवून द्यायची. ती पाण्याची रोग्याला टोचली जायची, तिची रिकामी काच स्टोअरात परत जायची. मोजणारा खूश, चोर खूश, मरायचा तो रोगी!

डॉक्टरांनी कपाटातल्या दहाही ॲम्प्यूल पाण्याच्या वाटीत बुडवल्या. सातांच्या चिठ्ठ्या तरंगत वर आल्या. मग स्टोअरातलं सीलबंद खोकं आणवून त्यातल्या बुडवल्या, तर तिथं एकही चिठ्ठी हलली नाही. म्हणजे अदलाबदल वॉर्डातच झालेली. सीलबंद खोक्यातली एक ॲम्प्यूल त्यांनी अमृतरावाला स्वतः टोचली. पंधरा मिनिटांत तो "माह्या बैलांले पानी..." एवढं म्हणत वाक्याच्या मधेच झोपी गेला. रेणुकाबाई खाटेशी उभ्या होत्या. मघाच्या बोलण्याबद्दल ज्याची माफी मागायची तो घोरत होता.

भगवंतराव ओरडतच वॉर्डात आले. "मी परवापासून सांगून राह्यलो, पाच खाली ॲम्प्यूल कमी हायेत! माह्या स्टोअरची बदनामी होते. सिस्टर लोकांच्या पेट्या पाहा आधी!"

पेट्या उघडल्या. वनमालेच्या पत्र्याच्या पेटीत, घडी केलेल्या साडीखाली, रुमालात बांधलेल्या पाच रिकाम्या ॲम्प्यूल सापडल्या.

पोरगी अवघी बावीस वर्षांची, निझामाबादेहून शिकून सहा महिन्यांपूर्वी आलेली. बाप इंद्रवेल्लीकडं एका शाळेत शिपाई, पाठची तीन भावंडं, आणि त्या घरात पगार आणणारी ही दुसरीच. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण त्या क्षणी त्यांच्या कानात अमृतरावाच्या आठ दिवसांच्या किंकाळ्या घुमत होत्या.

"चार वाजता जीप आदिलाबादला जाते, अम्मा," ते म्हणाले. "तिच्यासोबत दोन चिठ्ठ्या जातील. एक पोलिसांना, एक नर्सिंग कौन्सिलला. नाव तुम्ही लिहायचं." त्यांनी वनमालेच्या कमरेची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. रेणुकाबाईंचीही मागून घेतली. "तोवर हे कपाट कोणी उघडणार नाही."

"चार वाजेपर्यंत मले विचारपूस करू द्या," रेणुकाबाई म्हणाल्या. "माह्या हाताखालच्या पोरी हायेत. नाव मी लिहीन, पण खरं लिहीन."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते.

३

"काऊन ठेवल्या व्हत्या गं?" रेणुकाबाईंनी दार लावून वनमालेला विचारलं.

"रोगी शांत होत नव्हते, बाई. मी सुई द्याची आन् ते तसेच कण्हत राह्याचे. मले वाटलं माह्याच हाताले काई येत नाई. मग वाटलं, औषधच खराब असंन. म्हणून पाच खाली काचा ठेवल्या, कोणाले तरी दाखवीन म्हणून."

"मग दाखवल्या काऊन नाईत?"

"दमयंतीताईले सांगतलं व्हतं. त्या म्हणल्या, रोगी नाटकं करतेत. नव्या पोरीनं तोंड मिटून काम शिकावं." वनमालेनं डोळे पुसले. "बाई, पोलिसाची गाडी माह्या गावात गेली तर माहा बाप जीव देईन हो. खरंच देईन."

रेणुकाबाईंना दमयंतीचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही आला. रोगी नाटकं करतात हे त्या स्वतःच सकाळी वेगळ्या शब्दांत बोलल्या नव्हत्या का? दमयंती, वॉर्डातली जुनी सिस्टर, तर त्यांच्याच तालमीत तयार झालेली. तिच्या तोंडून दुसरं काय निघणार?

मग विमलबाई. तीन लेकरांची आई, दुपारपाळीची सिस्टर, अंगानं भरलेली, स्वभावानं भित्री. तिला काही विचारायच्या आधीच ती रडायला लागली. "दोन गुंडाळ्या पट्टीच्या नेल्या मी घरी, बाई. पोराचं गळू फुटलं व्हतं. देवाशप्पथ, बाकी कायले हात नाई लावला!" रेणुकाबाईंना हसावं की रडावं कळेना. पट्टीचोर सापडली होती, पेथिडिनचोर नव्हती.

भगवंतरावांनी मात्र खुर्चीसुद्धा घेतली नाही. स्टोअरात उभ्याउभ्याच ते बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते, शेजारी कणकेच्या लेहीची वाटी. "एकवीस वर्षं झाली. माह्या दस्तखतात एक खोट काढून दाखवा. आन् बाई, एक सांगू काय? चिठ्ठ्या चिकटवणं माहा रोजचा धंदा हाय, म्हणून तुमी माह्याकडं पाहून राह्यल्या. दिसते मले!"

खरंच त्या पाहत होत्या. शनिवारी कपाटापाशी एकटा बसणारा माणूस हाच, आणि चिकटवण्यात तरबेजही हाच.

परत येताना त्या वॉर्डातून गेल्या. अमृतरावाच्या खाटेशी आया लक्ष्मीबाई सलाइनचा खांब ओल्या फडक्यानं पुसत होती. लाल मुंग्यांची रांग खांबावरून चढून थेट बाटलीवर डकवलेल्या चिठ्ठीपर्यंत गेली होती. आत कोणतं औषध किती घातलं ते चिठ्ठीवर दमयंतीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं.

"रोजचंच हाय हे, बाई," लक्ष्मीबाई करवादली. "कितीक पुसू? मेल्या पुना येतेत."

"राख टाक खांबाच्या बुडाशी," असं सांगून रेणुकाबाई पुढं निघाल्या. त्यांचं लक्ष घड्याळाकडं होतं. बारा वाजायला आले होते.

दमयंती कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या करत बसली होती. अडतीस वर्षांची, सडसडीत, नवऱ्यानं टाकलेली, दवाखाना हेच जिचं घर. कोणाची सुट्टी असो, कोणाचं लग्न असो, "मी करते ड्यूटी" म्हणणारी पहिली तीच. नाकाला रुमाल लावून ती सारखी सुं सुं करत होती.

"सर्दी हटली नाई का तुही अजून?"

"दिवाळीपासून हाय, बाई." तिनं मोठी जांभई दिली, आणि लागोपाठ दुसरी. "पोरीले वाचवा तुमी. लहान हाय."

"ती नसंन तर कोण?"

दमयंतीनं चादरीची घडी मोडली आणि परत घातली. "मले काय ठाऊक? डॉक्टरनं चाबी कुठी ठेवली, बाई?"

४

दीड वाजता रेणुकाबाईंनी डॉक्टरांना त्यांच्या जेवणावरून उठवलं. "कपाट उघडा. मले आतून पाह्याचं हाय."

कपाट उघडलं. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि रेणुकाबाईंनी चष्मा वर करून डोळे अगदी जवळ नेले. वरच्या फळीवर काही नव्हतं. खालच्या फळीवर, पेथिडिनचं खोकं जिथं ठेवलेलं असे, तिथं फटीतून आत येणारी लाल मुंग्यांची रांग होती. खोकं सकाळीच काढून टेबलावर ठेवलेलं, म्हणून त्या बिचाऱ्या मोकळ्या जागेवर गोल गोल फिरत होत्या.

"औषधाला मुंग्या?" डॉक्टर म्हणाले.

"औषधाले नाई. काचेत बंद औषधाचा वास मुंगीले कुठून येणार? चिठ्ठीले लागल्या. चिठ्ठी ज्यानं चिकटवली, त्याले."

डॉक्टर ताडकन वळले. "लेही! कणकेची लेही. भगवंतराव!"

त्यांनी शिपायाला हाकही मारली असती, पण रेणुकाबाईंनी त्यांना बाहीला धरून थांबवलं. "जरा दम खा. तुमी डॉक्टर हाय ना. कणीक हाय का नाई ते विचारायले शिपाई कशाला लागते? टिंक्चर आयोडिन द्या."

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात ते. कणीक असो, भात असो, साबुदाणा असो, पिठूळ पदार्थावर आयोडिनचा थेंब पडला की तो निळाकाळा होतो. त्यांनी स्टोअरातली एक बाटली आणून तिच्या चिठ्ठीच्या कडेला थेंब टाकला. लेही शाईसारखी निळी झाली. मग खोट्या ॲम्प्यूलवरून निघालेली, वाटीत न भिजलेली एक चिठ्ठी घेतली, डॉक्टरांच्या अंगठ्याखाली सकाळी सरकलेली तीच. तिच्या पाठीवर थेंब टाकला. तो पिवळाच राहिला. एक मिनिट थांबले, दोन मिनिटं थांबले, तरी पिवळाच.

"लेही नाई," रेणुकाबाई म्हणाल्या. "भातही नाई. म्हणजे भगवंतराव नाईत. विमलबाईही नाई, ती डब्यातल्या शितानं चिठ्ठ्या लावते, सगळ्या वॉर्डाले माहीत हाय."

"मग वनमालाच राहिली."

"वनमाला चिकटपट्टीचा तुकडा फाडून लावते. निझामाबादेत तसंच शिकवतेत. आन् चिकटपट्टीले मुंग्या लागत नाईत." हे बोलता बोलता त्यांचा आवाज हळू झाला. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं नाही. रेणुकाबाई चिठ्ठीच्या दुसऱ्या, कोरड्या टोकाकडं बघत होत्या. मग डॉक्टर "अम्मा, काय करता!" म्हणेपर्यंत त्यांनी ते टोक जिभेला लावलं.

ते गोड होतं.

५

रेणुकाबाई मागच्या विहिरीपाशी जाऊन बसल्या. त्यांना रडायचं होतं आणि रडायला वेळ नव्हता.

अठरा वर्षांपूर्वी मंचेरियलकडं, खाणीजवळच्या एका लहान दवाखान्यात त्या पोरींना शिकवत होत्या. तिथं डिंक कधी वेळेवर मिळायचा नाही. मिळाला तर उन्हाळ्यात त्याचा खडा व्हायचा. मग त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली होती. पंचवीस टक्केवाल्या ग्लुकोजची ॲम्प्यूल म्हणजे साखरेचा दाट पाकच. तिचा एक थेंब चिठ्ठीला लावायचा, बोटानं पसरायचा, दाबायचं. वाळलं की चिठ्ठी घट्ट बसते, ओल्या हातानं मात्र सुटते. त्या तुकडीत सहा पोरी होत्या. पाच कुठल्या कुठं पांगल्या. एकीला त्यांनी इथं आणलं.

या दवाखान्यात ही युक्ती येणाऱ्या दोनच बाया होत्या. एक त्या स्वतः.

मग एकामागून एक सगळं आठवत गेलं. दिवाळीपासून न हटणारी सर्दी. जांभया. दुसऱ्यांच्या ड्यूट्या आनंदानं घेणं. "डॉक्टरनं चाबी कुठी ठेवली?" अहो, तीस वर्षं नर्सगिरी केली, आणि नशेचं औषध तुटल्यावर माणसाचं नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा येतो हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं काय? परक्या बाईचं असतं तर त्यांनी दारातूनच ओळखलं असतं. दमयंतीकडं त्यांनी कधी तसं पाहिलंच नव्हतं.

आणि त्याहून वाईट एक गोष्ट आठवली. ती आठवली तेव्हा त्यांनी विहिरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

तीन वाजता त्यांनी तिघी सिस्टरना ड्यूटीच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर दारात उभे राहिले. टेबलावर तपासणीला जायच्या लघवीच्या तीन बाटल्या, तीन कोऱ्या चिठ्ठ्या, पट्ट्या-इंजेक्शनांचा नेहमीचा ट्रे, आणि डिंकाची बाटली, नेहमीसारखी सुकून खडा झालेली.

"जीप निघून राह्यली," रेणुकाबाई म्हणाल्या. "एकेक बाटली घ्या. नाव लिहा, चिठ्ठी लावा. लवकर."

वनमालेनं चिकटपट्टीचा तुकडा फाडला. विमलबाईनं डबा उघडून दोन शितं घेतली आणि चिठ्ठीमागं चिरडली. दमयंतीची हालत आता बघवत नव्हती. तिनं भर दुपारी शाल गुंडाळली होती, कपाळावर घाम होता आणि मनगटावरची लव उभी राहिली होती. तिनं नाव लिहिलं. डिंकाच्या बाटलीकडं पाहिलंसुद्धा नाही. डावा हात आपला आपण ट्रेकडं गेला, ग्लुकोजची ॲम्प्यूल उचलली, मानेवर नखानं टिचकी मारली, कट्कन मोडली. एक थेंब चिठ्ठीवर. बोटानं पसरला. चिठ्ठी बसली.

बाटली पुढं सरकवताना तिनं वर पाहिलं. सगळे तिच्या बोटाकडं पाहत होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खोट्या ॲम्प्यूलचं खोकं होतं आणि त्याच्या कडेनं मुंग्या चढत होत्या.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हे तर तुमीच शिकवलं व्हतं."

६

"कितीक दिवस झाले, दमे?"

"दोन वर्षं." ती रडत नव्हती, नुसती कुडकुडत होती. "पयले आठवड्यात एक. मग रोज. आता सकाळ संध्याकाळ लागते. नाई घेतली तर मी उभी राहू शकत नाई, बाई. अमृतराव ओरडे तवा मी कपड्याच्या खोलीत जाऊन कानावर हात ठेवून बसायची. पन तिथूनही आयकू येते."

"आन् ही पोरगी? आज हिचं नाव गेलं असतं, तर तू बोलली असती का?"

दमयंतीनं वनमालेकडं पाहिलं. "नसती बोलली," ती म्हणाली. "लय वाईट वाटलं असतं. पन नसती बोलली. बोलली असती तर मले उद्या कुठून मिळालं असतं?"

वनमालेनं तोंडावर हात धरला. डॉक्टरांनी मान दुसरीकडं वळवली.

"सुरू कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

दमयंतीनं शाल आणखी घट्ट ओढून घेतली. एवढं होऊनही ती बाईंचं नाव घेणार नव्हती. ते रेणुकाबाईंना समजलं आणि आतापर्यंत दाबून धरलेलं रडू त्यांना आवरलं नाही.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "आठ नंबरच्या खाटेवर एक लठ्ठ बाई व्हती. तिले एकटीनं उचलताना हिच्या पाठीत उसण भरली. त्या महिन्यात दोन सिस्टर सोडून गेल्या व्हत्या, ड्यूटीले माणूस नाई. मी म्हणलं, दमे, एक घे आन् उभी राह्य. माह्या हातानं टोचली. दुसऱ्या दिवशी पुना टोचली. बारा दिवस टोचली, डॉक्टर. तुमाले इचारलं नाई, पर्चीवर चढवलं नाई. वॉर्ड चालला पाह्यजे म्हणून."

"अम्मा, हे लिहायची गरज नाही," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "पाच महिन्यांत तुम्ही रिटायर होता."

"नाव मी लिहीन, पन खरं लिहीन, असं सकाळी म्हणलं व्हतं ना मी?"

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या लिहिल्या. अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचता येत होतं. दमयंतीचं नाव, काय केलं, कसं केलं. खाली स्वतःचं नाव, काय केलं, केव्हा केलं. वनमालेच्या नावापुढं त्यांनी लिहिलं की खराब औषधाचा संशय पहिल्यांदा या मुलीला आला आणि तिचं कोणी ऐकलं नाही. मग डॉक्टरांकडून आपली किल्ली मागून घेतली आणि वनमालेच्या कमरेला स्वतः बांधली. पोरगी "नको बाई, मले भेव वाटते" म्हणत होती.

"भेव वाटते तेच बरं हाय," त्या म्हणाल्या. "आन् रोगी ओरडला तर आयक. मी सांगतलं तरी आयक."

जाताना त्या अमृतरावाच्या खाटेशी थांबल्या. तो जागा झाला होता आणि देवकाबाई त्याला भाकरीचा काला भरवत होती. "अमृतराव, मी सकाळी वंगाळ बोलली. तुमचं खरं व्हतं." तो काही न कळून कसानुसा हसला. देवकाबाईला मात्र कळलं. तिनं नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि रेणुकाबाईंकडं पाहिलंच नाही.

चार वाजता जीप फाटकाशी लागली. डॉक्टरांनी आदिलाबादच्या मोठ्या डॉक्टरला वेगळी चिठ्ठी दिली होती, की हिची ही सवय कशी सोडवायची ते तुम्हीच बघा, आमच्यानं होणार नाही. दमयंती मागच्या बाकावर अंग मुडपून बसली होती. शेजारी रेणुकाबाई चढल्या. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तशी तिनं त्यांचा हात घट्ट धरला.

"बाई, एक द्या," ती म्हणाली. "फक्त एक. रस्त्यापुरती. तिथं गेल्यावर जे व्हायाचं ते होऊ द्या, मी सगळं कबूल करीन. पाया पडते तुमच्या. तुमी कधी नाई म्हणल्या नाईत मले."

रेणुकाबाईंचा हात सवयीनं कमरेकडं गेला. तिथं किल्ली नव्हती. असती तर आपण काय केलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

"नाई, दमे," त्या म्हणाल्या.

रस्ता खड्ड्यांचा होता. पहिल्याच खड्ड्यात दमयंती कळवळून ओरडली. पुढच्या खड्ड्यात आणखी मोठ्यानं ओरडली, इतकी की कपाशीच्या शेतातल्या बायांनी वेचणी थांबवून वर पाहिलं. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "सिस्टरबाई, जरा सबर करा, लोक पाहून राह्यले."

"तू समोर पाह्य," रेणुकाबाई त्याला म्हणाल्या. त्यांनी दमयंतीचं डोकं मांडीवर घेतलं, अंगावर आपला पदर पांघरला, आणि आदिलाबाद येईपर्यंत तिला ओरडू दिलं.